एक चिंचोका जास्त

त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी प्रभुभोजनाचे ग्लास धुतले. महिन्याचा पहिला रविवार आला की आदल्या दिवशी हे काम ठरलेलं. प्रभुभोजनाला चर्चमध्ये भाकरीचा तुकडा आणि घोटभर मनुकांचा रस देतात, त्याचे हे ग्लास. अंगठ्याएवढे, काचेचे. पोरांना औषध पाजायचं माप असतं तेवढे. आमच्यात एकाच पेल्याला सगळे तोंड लावत नाहीत, ज्याचा त्याला ग्लास. माझी बायको मार्था धुणार, मी पुसणार. ती बादलीतून एकेक काढायची, उजेडाकडे धरून बघायची, मग माझ्या हातात द्यायची. मी जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसून ट्रेच्या भोकात बसवायचो.

बोलणं काय झालं? काहीच नाही. ती म्हणाली, “या खेपेला मनुका कडक निघाल्या. रस पातळ झालाय.”

मी म्हणालो, “पातळ असला तरी प्रभूला कळतं.”

“प्रभूला कळेल हो. भोसले वडिलांना कळतं त्याचं काय?” भोसले आमच्या चर्चचे एक कारभारी.

एक ग्लास टवका उडालेला आहे. तो ती दर महिन्याला बाजूला काढायची आणि दर महिन्याला तो परत ट्रेमध्ये यायचा, कारण फेकायला तिचा जीव होत नव्हता. “हा तुमच्या वाटणीचा. तुमचे ओठ जाड आहेत,” म्हणाली. बस, एवढंच.

साडेचारला तिने चहा केला. प्यायली. “जरा पाठ टेकते, मग बाकं पुसू,” म्हणाली. साडेपाचला मी हाक मारली. आमची खोली चर्चच्या मागच्या भिंतीला लागून आहे, एकच खोली, हाक ऐकू जाणार नाही असं नाही. ती उठली नाही. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, डोळ्यात बॅटरी मारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी समजलो. हाच हात मी लोकांच्या घरी इतकी वर्षं बघत आलोय.

हे आधी लिहिलं, कारण दुसरं काही लिहायला बसलो की पेन इथंच येऊन थांबतो.

आता इतिहासाचं. यंदाच्या नाताळ अंकात मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सगळ्या माणसांचा, इतिहास द्यायचाय, आणि जुनी माणसं आता थोडीच उरलीत, म्हणून तुम्ही लिहा, असं आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू. तरुण आहेत, मन चांगलं आहे. त्यांनी मला यादी करून दिली. कोनशिला कुणी बसवली, कोणते पाळक कधी आले, कोणत्या वडिलांनी काय काय केलं. साहेब, ते सगळं दारातल्या फरशीवर कोरलेलं आहे. ज्याला वाचायचं त्याने येऊन वाचावं. मी चौथी पास. जे हाताने केलं तेवढंच मला लिहिता येतं. मी या चर्चचा शिपाई. झाडणं, पुसणं, घंटा वाजवणं, कुणी गेलं तर दफनभूमीत खड्ड्याची जागा दाखवणं, हे माझं काम. माझं चुकलं तर सुधारून घ्या, पण मार्थाचं नाव गाळू नका. त्या फरशीवर ते नाही.

आमच्या चर्चचं नाव प्रेस्बिटेरियन. हे नाव न अडखळता घेणारा माणूस मला अंबरनाथात अजून भेटायचाय. अर्थ मात्र सोपा आहे. आमच्यात बिशप नसतो. मंडळी आपल्यातलीच माणसं निवडते, त्यांना वडील म्हणतात, आणि वडिलांनी मिळून कारभार बघायचा. पाळकानेसुद्धा त्यांना विचारूनच पाऊल टाकायचं. आमच्याकडे सात वडील आहेत. शेजारची लता, बौद्धांच्या घरची, नवीन लग्न होऊन चर्चच्या आवाराच्या भिंतीपलीकडच्या बुवापाड्यात आली तेव्हा तिने मार्थाला विचारलं, “ताई, तुमच्यात सात सात वडील कसे काय?”

मार्था म्हणाली, “वडील सात आहेत गं, पण झाडू मारायला एक लेक नाही.”

लता त्यावर हसली. मार्था हसली नव्हती. मी हसलो होतो.

सुरुवात एका खोलीत झाली. मिरज-कोल्हापूरकडून कारखान्यांच्या नोकरीला दहा-बारा घरं आली, त्यात माझा बाप. सगळ्यांचं गावाकडचं चर्च हेच, म्हणून इथंही हेच. रविवारी एका खोलीत तीस माणसं बसायची आणि चपला बाहेर गटारात पडायच्या. मग जागा मिळाली, चार भिंती झाल्या, वर पत्रे आले. घंटा नव्हती. रुळाचा एक तुकडा चिंचेला टांगला होता, त्यावर बोल्ट मारायचा. शाळेची घंटाही तशीच होती, त्यामुळे रविवारी सकाळी शेजारची पोरं दप्तर घेऊन पळत सुटायची आणि निम्म्या वाटेवरून शिव्या देत परत यायची.

खरी घंटा उल्हासनगरातून आणली. तिथल्या एका सिंधी भंगारवाल्याकडे मोडलेल्या जहाजाची घंटा आली आहे असं कळलं. मी आणि भोसले गेलो. भोसले तेव्हा वडील नव्हते, माझ्याइतकेच पोरगे होते. शेठने चर्चचं नाव विचारलं, भोसल्यांनी सांगितलं. शेठ म्हणाला, “प्रेस चर्च? साईं, छापते क्या हो?”

भोसल्यांना राग आला. “छापते नहीं. पाप धोते हैं.”

“फिर तो लाँड्री हुआ ना,” शेठ म्हणाला. “उसमें भी प्रेस होता है.”

त्याने बिलावर ‘प्रेस चर्च’ असंच लिहिलं. आजही रिक्षावाले आमच्या स्टॉपला तेच म्हणतात. घंटेवर कुठल्याशा देशाची अक्षरं होती, इंग्रजी नव्हती. एका म्हाताऱ्या वडिलांना शंका आली, दुसऱ्या धर्माचा मंत्र असला तर? कानशीने घासून काढा म्हणाले. आमचं लग्न तेव्हा नुकतंच झालं होतं. मार्था पाणी द्यायला आली होती, ती म्हणाली, “असेना का. वाजते तर मराठीतच.” अक्षरं राहिली.

मार्था मूळची बदलापूरच्या पुढच्या एका गावातली, शेतकरी घरातली. नाव गोदा. आम्ही दोघं एका काडेपेटीच्या कारखान्यात होतो. मी हमाली करायचो, ती पेट्या भरायला होती. तिथं बायका काड्या मोजत नसत. मुठीत घेतल्या की कळायचं, पन्नास. मुकादमाने दहा वेळा तिच्या मुठी तपासल्या असतील, एक काडी इकडची तिकडे निघाली नाही. ही गोष्ट मी पुढे विसरलो. विसरायला नको होती. लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा झाला आणि पाळकांनी तिचं नाव मार्था ठेवलं. कारखाना बंद पडला तेव्हा मंडळीने मला शिपाई केलं. कागदावर शिपाई मी एकटाच. काम दोघांचं.

बाहेरच्यांना वाटतं, घंटा वाजवायची म्हणजे काय, दोरी ओढायची. रविवारची घंटा तशीच आहे, झोका द्यायचा आणि ती आपली आपण बोलते. मरणाची घंटा वेगळी. तिला झोका घेऊ द्यायचा नाही. एकदा ओढायची आणि दोरी तशीच ताणून धरायची, म्हणजे घंटेतली लोंबती लोळी काठाला दुसऱ्यांदा लागत नाही. आवाज पूर्ण विरून गेला की मग दुसरा ठोका. घाई केली तर आगीची घंटा वाटते. आणि माणसाचं जेवढं वय तेवढे ठोके. ही चाल पहिल्या पाळकांनी पाडली. वर्ष पुरं झालेलंच धरायचं, चालू वर्ष धरायचं नाही. कुणी गेलं की त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत वाजवायची. सत्तरीचं माणूस असलं की माझा अर्धा तास जायचा, दंड भरून यायचे.

ठोके सुरू झाले की बुवापाड्यातल्या बायका हातातलं काम टाकून उंबऱ्यात यायच्या. नुसत्या ख्रिस्ती नव्हेत, सगळ्याच. मोजायच्या. लताची सासू तर ठोक्यावरून माणूस ओळखायची. “त्रेसष्ट झाले. म्हणजे तो दम्याचा मास्तर.” चुकायची नाही.

मी मात्र चुकायचो. मला मोजता येतं, पण ओढता ओढता मोजता येत नाही. चाळिसाच्या पुढं गेलो की आधी एकेचाळीस म्हटलं का बेचाळीस, ते हरवायचं. एका वडिलांना मी तीन ठोके जास्त दिले. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको चर्चच्या पायरीवर येऊन उभी. “लोक मला म्हणतायत, तुमचे साहेब चौऱ्याहत्तरचे होते का, वाटत नव्हते हो. ते एक्काहत्तरचे होते. ही तीन वर्षं ते कुणाकडं जगले ते मला सांगा.”

मी मान खाली घातली. दुसरं काय करणार.

मार्थाने आतून हे ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने बिस्किटाचा एक रिकामा डबा घेतला आणि त्याच चिंचेखालचे चिंचोके धुऊन, वाळवून त्यात भरले. तेव्हापासून आमची पद्धत ठरली. कुणी गेलं की ती वय विचारून तेवढे चिंचोके मोजून ओटीत घ्यायची आणि घंटेच्या खांबाखालच्या पायरीवर बसायची. डबा पायाशी. मी एक ठोका दिला की ती एक चिंचोका डब्यात टाकायची. टण्. ओटी रिकामी झाली की म्हणायची, “झालं.” मी दोरी बांधायचो. मी डोळे मिटून नुसतं ओढायचो. मोजायची काळजी तिची.

वय विचारणं हेच खरं अवघड काम. साळवीबाई गेल्या तेव्हा मुलगा म्हणाला, अठ्ठावन्न. बाईंची बहीण तिथंच बसलेली. ती म्हणाली, “मी तिची धाकटी. मला साठ पुरी झाली. ती अठ्ठावन्नची कशी रे?”

मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, आईने नोकरीला लागताना वय कमी लावलं होतं. तुम्ही अठ्ठावन्नच वाजवा. कारखान्यातल्या कुणी ऐकलं तर?”

“कारखान्यातले घंटा मोजायला बसलेत का?” मी म्हणालो. “नक्की काय ते सांगा. मी अंदाजे वाजवत नाही.”

मार्थाने त्या बहिणीला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, तुमची आई काय सांगायची, बाईंचे दुधाचे दात पडले तेव्हा तुम्ही चालत होतात का, रांगत होतात? अशा दोन-चार गोष्टी विचारून तिने पासष्टवर आणलं. पासष्ट वाजवले. मुलगा चार रविवार माझ्याशी बोलला नाही. पण मला बरं वाटलं होतं. माणसाचं आयुष्य कागदावर कमी करता येतं, घंटेवर नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. फार शहाणपणा होता माझ्यात.

एक गोष्ट मात्र व्हायची. “झालं” म्हणून मार्था उठायची तेव्हा तिच्या मुठीत एक चिंचोका उरलेला असायचा. मला दिसायचा. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी म्हणालो, “एक जास्त घेतलास बघ. वेळेवर कळलं म्हणून बरं.” पुढच्या वेळी परत एक. मग ती आमची थट्टाच झाली. मी म्हणायचो, “काय मार्थाबाई, आज पण एक जास्त?” ती म्हणायची, “असू दे,” आणि मूठ मिटून आत जायची. मी लोकांना सांगायचो, आमच्या हिचं गणित पक्कं आहे, फक्त एकाने चुकतं. लोक हसायचे. ती चहा ठेवायला निघून जायची.

मोठा पूर आला त्या वर्षी वालधुनी नदीचं पाणी चर्चमध्ये शिरलं. बाकं तरंगत होती. कपाटातलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर भिजून पावासारखं फुगलं. सातही वडील हात लावायला तयार नव्हते, फाटलं तर बोल नको. मार्थाने ते उघडलं. एकेक पान सोडवायचं, खाली जुनं वर्तमानपत्र घालायचं, बाकावर पसरायचं, वरून कोमट इस्त्री फिरवायची. आठ दिवस ती हेच करत होती. मी चिखल काढत होतो. या मंडळीची निम्मी नावं आज वाचता येतात ती तिच्या इस्त्रीमुळे. तो शेठ चुकीचं बोलला नव्हता, प्रेस चर्च.

तिचं स्वतःचं पान निघालं तेव्हा मला हाक मारली. नाव वाचता येत होतं, वयाच्या जागी निळा डाग. ती म्हणाली, “बरं झालं. आता मला म्हातारी कोण म्हणतंय?”

मी म्हणालो, “मग मी वाजवू किती?”

“तोवर तुम्हाला मोजता येईल,” ती म्हणाली.

आता जे लिहितो ते पाळकसाहेबांच्या यादीत नाही. मंडळीच्या रजिस्टरला आहे, दोन ओळींत.

आम्हाला एक मुलगी झाली होती. सुवार्ता. याच चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, जुन्या पाळकांच्या दाढीला तिने हात घातला म्हणून सगळे हसले होते. अकरा महिन्यांची असताना तापाने गेली. त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही.

ती गेली ती सकाळी. दुपारी पाळक माझ्याकडे आले. म्हणाले, घंटेचं कसं करायचं? तुझ्या मनाला येईल तसं कर. कुणी काही म्हणणार नाही.

मार्था दारात उभी होती. तिच्या हातात डब्यातला एक चिंचोका होता.

मी म्हणालो, “वर्ष पुरं झालेलं नाही. नियम तो नियम. आज घरच्यासाठी मोडला तर उद्या लोकांना काय सांगू?” आणि तिला म्हणालो, “ठेव तो परत.”

कुणी मला अडवलं नव्हतं. मीच अडून बसलो. तेव्हा मला वाटलं, मी फार सरळ माणूस आहे. घंटा वाजली नाही. बुवापाड्यातली एकही बाई उंबऱ्यात आली नाही, कारण कुणाला कळलंच नाही. एवढीशी पेटी मी खांद्यावर घेऊन गेलो. मार्था त्यावर कधीही काही बोलली नाही. तिने तो चिंचोका डब्यात ठेवला की नाही, हे मी बघितलं नाही.

आता त्या शनिवारी संध्याकाळी काय झालं ते.

सहा वाजता वडील जमले. दिवस मावळायला थोडाच वेळ होता. भोसले वडील मला म्हणाले, “घंटेचं बघायला पाहिजे. मार्थाबाईंचं वय किती?”

मी सांगू शकलो नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. कधी गरज पडली नाही.

रजिस्टर काढलं. निळा डाग. मग आधार कार्ड काढलं. एक जानेवारी. ज्याला जन्मतारीख माहीत नाही त्याला सरकार एक जानेवारी देतं. त्यावरून अडुसष्ट येत होते. मी तिच्या भावाला गावी फोन लावला. तो आधी रडला, मग म्हणाला, “दाजी, ती माझ्याहून तीन पावसाळ्यांनी थोरली.”

“तू किती वर्षांचा?”

“दाजी, माझाबी आधार एक जानेवारीचाच हाय.”

भोसले म्हणाले, “सरकारी कागद तो सरकारी कागद. अडुसष्ट धरा. अंधार पडतोय.”

मी अंदाजे वाजवत नाही असं म्हणणारा मी. उठलो आणि दोरी सोडली.

पायरी रिकामी होती. भोसले तिथं बसले नाहीत, बाजूला उभे राहिले. वाईट माणूस नाही तो, माझ्याबरोबर घंटा आणायला आला होता. मोबाइल काढून म्हणाले, “तुम्ही ओढा. मी यावर मोजतो. प्रत्येक ठोक्याला एक मिळवत जातो.” मी ओढायला लागलो. लता आणि आणखी बायका उंबऱ्यात आल्या होत्या, मला दिसत होत्या. चाळीस-पन्नास झाले असतील, भोसल्यांचा फोन वाजला. त्यांनी उचलला. “हो. हो, मार्थाबाई. आताच. उद्या उपासनेनंतर.” मी ओढतच होतो. माझा हात थांबला नाही, त्याने थांबायचं असतं ते “झालं” ऐकून. फोन ठेवल्यावर त्यांनी बघितलं तर आकडा गेलेला. ते माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे.

“किती झाले?” त्यांनी भिंतीपलीकडच्या बायकांना विचारलं.

“सदुसष्ट,” लता म्हणाली.

दुसरी म्हणाली, “नाही, एकोणसत्तर झाले. तू पदराने डोळे पुसत होतीस तेव्हा दोन झाले.”

मी आणखी एक ओढला आणि दोरी बांधली. ते अडुसष्ट होते का सत्तर, मला माहीत नाही. तिचं खरं वय कुठलं, तेही माहीत नाही. ज्या बाईने सगळ्या मंडळीची वर्षं एकाचा फरक न पडू देता मोजली, तिची मोजायला कुणी नव्हतं.

नंतर बायकांनी तिला आंघोळ घातली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. लता आली. म्हणाली, “भाऊजी, हे ताईंच्या पदराच्या गाठीला होतं.” माझ्या हातावर कपाटाची किल्ली ठेवली. आणि एक चिंचोका.

मी तो उजेडाकडे धरला, तिच्यासारखा. डब्यातले चिंचोके मी रोज बघतो. इतक्या वर्षांत निस्तेज पडलेत, धुळीच्या रंगाचे, कडा मात्र तशाच. हा वेगळा होता. गुळगुळीत, काळाभोर, तेल लावल्यासारखा चमकत होता. कडा राहिल्याच नव्हत्या. एवढं गुळगुळीत व्हायला एखादी वस्तू किती वर्षं मुठीत फिरावी लागते, ते मला कळतं. बाकांचे हात ठेवायचे दांडे मी पुसत आलोय.

दर वेळी एक उरायचा तो एक जास्त झालेला नव्हता. तो हाच होता. दर वेळी हाच. मी लोकांची घंटा वाजवायचो आणि ती पायरीवर आमचा एक ठोका हातात धरून बसायची. आणि मी म्हणायचो, आमची ही एकाने चुकते. पन्नास काड्या मुठीत ओळखणारी बाई एकाने चुकेल का? हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

रात्रीचं लिहीत नाही.

सकाळी रविवार होता. उपासना, मग प्रभुभोजन, मग तिला न्यायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं. ट्रे भरलेले होते, तिने धुतलेले आणि मी पुसलेले. साडेआठला पहिली घंटा असते. भोसले लवकर आले होते, म्हणाले, “आज तुम्ही बसा. मी वाजवतो.”

“नको,” मी म्हणालो. “एक राहिलीय.”

त्यांना वाटलं मी कालच्या मोजणीचं बोलतोय. म्हणाले, “अहो, एक-दोन इकडे तिकडे. देव समजून घेतो.”

मी खोलीतून डबा आणला आणि पायरीवर ठेवला. दोरी हातात घेतली. एकदाच ओढली आणि ताणून धरली, लोळी दुसऱ्यांदा लागू दिली नाही. आवाज गेला तो बुवापाड्यावरून पार पलीकडे गेला. तो पूर्ण विरेपर्यंत मी दोरी सोडली नाही.

बायका उंबऱ्यात आल्या. दुसऱ्या ठोक्याची वाट बघत उभ्या राहिल्या. तो आला नाही. लता भिंतीपाशी आली.

“भाऊजी, एकच?”

“एकच,” मी म्हणालो. “आमच्या मुलीचा. राहिला होता.”

लताने डोक्यावर पदर घेतला आणि तिथंच उभी राहिली. मी खिशातून चिंचोका काढला आणि डब्यात टाकला. टण् वाजलं.

“झालं,” मी म्हणालो.

मग दोरी सैल सोडली, हाताला थुंकी लावली आणि उपासनेची घंटा वाजवायला घेतली.